चौकातली शिडी

"काका, ते वाडगं खाली ठेवा आणि चला. दामाला आज खाणीत पाठवतायत."

दारात कार्व्हिलिया उभी होती. डोकं उघडं, पायात घरातल्याच चपला आणि त्या चिखलाने माखलेल्या. नोनियस उन्हात बसून चण्याचं कढण ओरपत होता. त्या आठवड्यात रोममध्ये कोणी कोणाकडे धावत जात नव्हतं. धावणाऱ्याकडे लोक बघतात, आणि बघणारे जाऊन सांगतात. असले दिवस आले होते मेले.

"कोण पाठवतंय?"

"बासूसकाका. म्हणतात, दामानेच दादाला राजवाड्याला विकलं. उन्हं कलली की खाणवाला येणार, कपाळावर डाग देणार आणि घेऊन जाणार. खाणीतून कोणी परत आलेलं तुम्ही पाहिलंय?"

"नाही."

"गुलाम असला तरी दामाने दादाला चालायला शिकवलं, काका. मलाही त्यानेच." तिचा आवाज फुटला. "तुम्ही शहरपहाऱ्यात इतके चोर पकडलेत. हाही पकडा ना."

नोनियसने काठी उचलली. तिचा बाप आणि तो ऱ्हाइनकाठी एकाच तंबूत राहिलेले. बाप गेला, मैत्री राहिली.

नोनियसच्या काठीचीही एक गोष्ट आहे, ती आमच्या गल्लीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ऱ्हाइनकाठच्या एका लढाईत तो मेला अशी खबर घरी आली. बायकोने रडून घेतलं, सगळे विधी झाले. आणि सहा महिन्यांनी स्वारी दारात हजर! आता ज्याचे विधी झाले त्याला दारातून कसं घेणार? उंबरठ्याला तो मेलेलाच. असा माणूस छतावरून घरात उतरवतात, नव्याने जन्मल्यासारखा. नोनियसही चौकावरच्या उघड्या छतातून दोरीने उतरला, दोरी तुटली, आणि तो खालच्या हौदाच्या दगडी काठावर आपटला. जर्मनांना जो पाय मोडता आला नाही तो स्वतःच्या घरात मोडला. तेव्हापासून पोरं त्याला भूतकाका म्हणतात.

कार्व्हिलियाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर राजवाड्याचा एक शिपाई घरावर डोळा ठेवून उभा होता. अंगावर जाड लोकरी शाल, लाल काठाची. शिपायाच्या मानाने शाल भारीच होती. नोनियसने मान खाली घातली आणि लंगडत पुढे गेला.

काय घडलं होतं ते सगळ्या शहराला माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. कार्व्हिलियाचा भाऊ सर्वियस आणि त्याचे दोन मित्र यांनी सम्राटाला संपवायचा बेत केला होता. उत्सवाच्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर सर्वियसने अर्ज घेऊन गुडघे टेकायचे, सम्राटाचा झगा घट्ट धरायचा, आणि बाकीच्या दोघांनी खंजीर चालवायचे. उत्सव उजाडलाच नाही त्यांच्यासाठी. आदल्या दिवशी तिघांनाही उचललं. दोघांची प्रेतं, राजद्रोह्यांची टाकतात तशी, सगळ्यांना दिसावीत म्हणून सार्वजनिक जिन्यावर टाकली होती. सर्वियसलाही ठार केलं असं जाहीर झालं.

घरात शिरताच नोनियस थबकला. चौकात, पावसाच्या पाण्याच्या हौदापाशी, एक शिडी उभी होती. वरचं टोक छताच्या उघड्या चौकोनाला टेकलेलं. चोरांसाठी तिथे बसवलेली लोखंडी जाळी काढून भिंतीशी ठेवली होती.

"आली का भुताची स्वारी?" बासूस समोरून आला. सर्वियसच्या बापाचा धाकटा भाऊ, आता घराचा कर्ता. जाडजूड, तापट, आणि त्या दिवशी डोळे सुजलेले. "पोरीने बोलावलं ना? बघ काय बघायचं ते. माझा निकाल झालाय."

"कशावरून दामा?"

"बेत ठरला त्या जेवणाला आत कोण होतं? तिघं मित्र आणि दारू ओतणारा दामा. तिघं मेले. उरलं कोण?"

"भिंतीपलीकडे?"

"भिंतीपलीकडे देवघर. तिथे कोण असणार, देव?" बासूस चिडला. "आणि ऐक. पोरांना उचललं त्याच्या आदल्या सकाळी माझ्या माणसाने दामाला पाहिलं. कुठे, माहितीये? राजवाड्याच्या शिपायांच्या छावणीच्या फाटकाशी. हातात चौरंग घेऊन उभा होता, लेकाचा! जणू बसायचं आमंत्रण होतं."

"चौरंग?"

"पाय ठेवायचा, बुटका. काय विचित्र माणूस! आणि सर्वियसला नेल्यावर तिसऱ्या दिवशी हा गायब. अख्खा दिवस. परतला तो चिखलाने भरलेला. बक्षीस पुरून आला असणार कुठेतरी."

"सर्वियसला नेलं तेव्हा तू इथे होतास?"

"होतो." बासूसचा आवाज खाली आला. "त्या दोघांना केसांना धरून फरफटत नेलं म्हणे. आमच्याकडे आले ते मात्र दारात थांबले. सर्वियसने बूट घातले, वहिनींनी दारातच ठेवलेली शाल त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने आईच्या हाताचं चुंबन घेतलं आणि गेला. मी काही करू शकलो नाही, नोनियस. नुसता खांबासारखा उभा राहिलो."

तो तोंड फिरवून उभा राहिला. नोनियसने काठीने शिडी दाखवली.

"ही शिडी कसली?"

"वहिनी म्हणतात जाळी गंजलीये, लोहार येणार. लोहार काही येत नाही. रोज पाऊस आत येतो, मांजरं आत येतात. मी काढायला गेलो तर अंगावर धावल्या माझ्या. दुःखाने डोकं ठिकाणावर नाही, दुसरं काय."

नोनियस जाळीपाशी वाकला. बोटाने लोखंड घासून पाहिलं. गंज नव्हता. शिडीचं वरचं टोक तुळईला बांधलं होतं, लाल लोकरीच्या धाग्याने, पुन्हा पुन्हा वेढे देऊन. आणि तळाशी, हौदाच्या काठावर, एक जाड गादी दुमडून ठेवली होती. पावसाने ती भिजून जड झाली होती.

दामाला तळघरात कोंडलं होतं. पाठीवर वळ होते, कोणाचे ते विचारायची गरज नव्हती. म्हातारा नोनियसला पाहून उठायला लागला.

"बस रे. छावणीपाशी कशाला गेला होतास?"

"बाजारात गेलो होतो, साहेब."

"चौरंग घेऊन?"

दामाने अंगावरचा कपडा सावरला.

"कोणासाठी थांबला होतास?"

"बाजारात गेलो होतो."

"आणि तो गायब होण्याचा दिवस? कुठे होतास?"

"भटकत होतो."

"दामा, तुला खाणीत पाठवतायत. गंधकाच्या धुराने डोळे जातात पहिल्यांदा, मग छाती. कळतंय ना?"

"मी म्हातारा आहे, साहेब. फार दिवस लागायचे नाहीत." तो हसला. खरंच हसला. "पोरीला सांगा, रडू नको."

नोनियसची नजर कोपऱ्यात गेली. खापराच्या तुकड्यावर पावाचा घास होता, दारूत भिजवलेला, वर मिठाचे खडे. फेब्रुवारीतले पितरांचे दिवस होते. घरोघरी हेच ठेवतात, आपल्या माणसाच्या थडग्यावर.

"हे कोणासाठी?"

"बापासाठी," दामा घाईने म्हणाला.

वर आल्यावर नोनियसने कार्व्हिलियाला विचारलं, "दामाचा बाप कोण?"

"त्यालाच माहीत नाही. लष्कराने तान्हा उचलून आणला होता. तोच चेष्टेने म्हणतो, मी कोबीच्या गड्ड्यातून आलो. का हो?"

"आणि तू? भावासाठी पाव ठेवलास का?"

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. राजद्रोह्याचा शोक करणंही गुन्हा होता.

"ठेवला होता. देवघरात, लपवून. आईने पाहिला आणि अंगणात भिरकावला. माझ्या थोबाडीत मारली, काका. जन्मात पहिल्यांदा. म्हणाली, अवदसा आठवली का तुला, असलं काही घरात करायचं नाही!"

"शाल कसली होती? दादाला दिलेली?"

"आईनेच विणली. थंडीभर विणत होती. पांढरी लोकर, लाल काठ. त्या काठाचा धागा रंगवायला आम्ही दोघी किती खपलो..."

नोनियस एकदम खाली बसला. काठी हातातून निसटून फरशीवर वाजली. कार्व्हिलिया घाबरून पाणी आणायला धावली, पण त्याला पाणी नको होतं. कोपऱ्यावरचा शिपाई त्याला आठवला होता. इतकी वर्षं चोर पकडले, आणि एकदाही त्याला असं वाटलं नव्हतं की हा सापडला नसता तर बरं झालं असतं.

पण दामा तळघरात होता आणि उन्हं कलायला लागली होती.

फुल्सिनिया, सर्वियसची आई, देवघरापाशी मागावर बसली होती. नोनियसला पाहताच तिने विचारलं, "पाय कसा आहे भाऊजी? पावसात ठणकत असेल."

"ठणकतो, वहिनी."

"तेव्हाच म्हणत होते मी तुमच्या बायकोला, खाली काहीतरी मऊ घाल. ऐकलं नाही तिने."

"तुम्ही म्हणाला होतात, आठवतंय मला." तो तिच्यासमोर टेकला. "दामाला खाणीत नेतायत."

तिचे हात मागावर थांबले. "माहीत आहे. मी... मी सोडवून आणीन त्याला. थोड्या दिवसांत. सगळं नीट झालं की."

"काय नीट झालं की?"

तिने मागावरचा धागा पुन्हा ओढला.

"वहिनी, चौकात चला. मला सगळ्यांसमोर बोलायचंय. आणि दामालाही वर आणा."

सगळे चौकात जमले. खाणवाला दारात येऊन बसला होता, बासूसने त्याला बाहेरच थांबवलं. दामाला दोघांनी धरून आणलं. वरून बारीक पाऊस हौदात पडत होता.

"हं, बोल," बासूस म्हणाला. "दामा नाही, तर कोण?"

"आधी चौरंग," नोनियस म्हणाला. "मालकाला विकायला निघालेला गुलाम चोरासारखा जातो. तो पाय ठेवायचा चौरंग कशाला नेईल? चौरंग लागतो पालखीतून उतरणाऱ्या बाईला. दामा छावणीबाहेर उभा होता, कारण आत त्याची मालकीण गेली होती."

कार्व्हिलियाने आईकडे पाहिलं. आई शिडीकडे पाहत होती.

"दुसरं, शाल. शिपाई अचानक येतात तेव्हा शाल पेटीत असते, शोधावी लागते. ही दारात ठेवलेली होती. कोणालातरी माहीत होतं की ते येणार, आणि माहीत होतं की त्याला लांब जायचंय, थंडीचं. आणि केसांना धरून ओढणारे शिपाई इथेच बरे दारात थांबले? त्यांना तसं सांगितलेलं होतं."

"काय बोलतोयस तू?" बासूस पुटपुटला.

"तिसरं मला फार आधी कळायला हवं होतं, माझाच पाय तसा मोडलाय. जाळीला गंज नाही. आणि जाळीसाठी येणाऱ्या लोहाराला कोणी शिडीखाली गादी अंथरत नाही. गादी तो अंथरतो ज्याला भीती आहे की वरून उतरणारा पडेल." त्याने फुल्सिनियाकडे पाहिलं. "सगळं शहर ज्याला मेलेला समजतं, तो घरी कसा येतो, वहिनी?"

"छतावरून," कार्व्हिलियाच म्हणाली. मग तिने हाताने तोंड दाबलं.

मग फुल्सिनिया बोलायला लागली, शिडीशीच बोलावं तशी.

"देवघरात दिवा लावत होते मी. भिंतीतून सगळं ऐकू आलं. माझा सर्वियस झगा धरणार होता म्हणे. झगा धरणारा पहिला मरतो, हे त्या बाकीच्यांना कळत नव्हतं? त्याला कोंबडी कापलेली बघवत नव्हती हो! मी छावणीत गेले. तिथला अधिकारी देवमाणसासारखा बोलला. म्हणाला, बाई, वेळेवर आलात. त्याला आम्ही एका बेटावर पाठवू. बाहेर सांगू की मेला, तुम्हीही तसंच दाखवा. सम्राट काय जन्माचा पुरणार आहे? मग येईल तो तुमच्याकडे. मी त्याच्याकडून देवाची शपथ घेतली. आणि बघा, जिन्यावर दोघंच होते ना? माझा नव्हता. नव्हताच!"

"आणि ते दोघं, आई?" कार्व्हिलियाने विचारलं.

"त्यांच्याही आया आहेत," फुल्सिनिया म्हणाली. "माझ्या एकासाठी मी दोघींची पोरं दिली. रोज सकाळी उठले की पहिलं तेच आठवतं. पण तो आला की सांगीन मी त्यांना. पायावर पडेन त्यांच्या. आधी येऊ दे त्याला."

नोनियस दामाकडे वळला.

"तू कोबीतून आलास, दामा. तुला बाप नाही. मग तो पाव कोणाचा? अख्खा दिवस गायब होतास आणि चिखलाने भरून आलास. बक्षीस नाही पुरलंस तू. काय पुरलंस?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "नका विचारू साहेब. खाणीत जातो मी. हसत जातो. पण हे नका विचारू."

"का नको?" फुल्सिनिया एकदम वळली. "काय पुरलंस रे?"

"आईसाहेब..."

"दामा! माझ्याकडे बघ."

त्याने पाहिलं. आणि आयुष्यभर तिची आज्ञा पाळलेल्या त्या माणसाला तेव्हाही ती मोडता आली नाही.

"नदीकाठी सापडले धाकटे धनी. खालच्या वळणावर. शिपायांनी पाण्यात सोडलं होतं, जिन्यावर न ठेवता. तुम्हाला आशा राहावी म्हणजे तुम्ही गप्प राहाल, म्हणून असेल. मी हातांनी खणलं. वाळुंजाच्या झाडाखाली आहेत. तोंडात नाणं ठेवलंय. नाव घेऊन हाक मारली, तीनदा, मेलेल्याला मारतात तशी. कोणी उलट हाक दिली नाही."

फुल्सिनिया हौदाच्या काठावर बसली. भिजलेल्या गादीवर हात ठेवून बसली. बासूस दाराकडे गेला आणि खाणवाल्याला म्हणाला, "जा तू. इथे कोणी नाही न्यायला." परत आला तेव्हा तो वहिनीला काहीतरी भयंकर बोलणार असं वाटलं. तोंड उघडलंही त्याने. मग तो शेजारी बसला आणि हमसून रडायला लागला. एवढा मोठा गडी.

बऱ्याच वेळाने फुल्सिनियाने विचारलं, "दामा, त्याच्या अंगावर शाल होती का?"

दामाने क्षणभरही वेळ घेतला नाही.

"होती, आईसाहेब. गळ्यापर्यंत लपेटलेली. तशीच ठेवली मी."

"म्हणजे थंडी नसेल वाजली त्याला."

"नाही, आईसाहेब. अजिबात नाही."

नोनियस दामाकडे पाहत होता. दामाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

फुल्सिनिया उठली. स्वयंपाकघरात गेली. पाव मोडायचा आवाज आला. "मीठ किती घातलं होतंस गं तू?" तिने आतून विचारलं. कार्व्हिलिया आत गेली, आणि मग दोघींचं रडणं ऐकू आलं. गुन्हा असो नाहीतर काही असो, मोकळं रडणं.

पाव, मीठ आणि थोडी रानफुलं परडीत घेऊन, वरून फडकं झाकून, आई बाहेर आली. डोक्यावरून पदर घेतला आणि दर्शनी दाराकडे निघाली. त्याच दारासमोरच्या कोपऱ्यावर तो शिपाई उभा होता, शाल पांघरून.

नोनियस काठी टेकत आडवा आला.

"इथून नको, वहिनी. मागच्या दाराने जाऊ."

"नदी तर इकडे जवळ आहे, भाऊजी."

"हो. पण इकडे उतार फार आहे," तो म्हणाला. "माझा पाय, वहिनी. आज फार ठणकतोय."

"चला मग," ती म्हणाली, आणि त्याला आधार द्यायला तिने आपला हात पुढे केला.